हिरवेबाबांचे आठ दिवे

त्या दिवशी आमच्या डेपोच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर एक काचेची खोली आहे. तिच्या भिंतीवर दाराएवढा पडदा आणि पडद्यावर आठ हिरवे दिवे. बस, एवढंच. आणि ते बघायला माणसं खाली फाटकापर्यंत उभी. शेजारच्या छापखान्याचा मालक, समोरच्या दवाखान्यातल्या दोन नर्सा, बँकेतले टाय लावलेले तिघे. एक बाई तर तान्हं मूल कडेवर घेऊन आली होती. बाळाला दिवे दाखवायचेत म्हणे.

मी म्हटलं, "बाई, मग चौकात सिग्नलला ने की! तिथं तीन रंग बघायला मिळतील."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या बाळाला दृष्ट लावली.

वर खोलीत बाबा बसले होते. त्यांचं खरं नाव मोठं लांबलचक आहे, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून हिरवेबाबाच म्हणते. पांढरेशुभ्र कपडे, इस्त्री अशी कडक की बाहीने मुळा चिरावा. आवाज सायीसारखा. "बारा दिवस," ते गर्दीला सांगत होते, "बारा दिवस या यंत्राने लाल रंग पाहिलेला नाही. कारण लाल रंग यंत्रात नसतोच. तो बघणाऱ्याच्या मनात असतो."

गर्दीने "अहाहा" केलं. माझा मुलगा, या डेपोचा मालक, सगळ्यात पुढे उभा राहून मान डोलवत होता. एवढी मान त्याने मी पाढे शिकवताना डोलवली असती, तर आज ही वेळ आली नसती.

आता आमचा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही श्वास पोचवतो. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशा माणसांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर नेऊन देतो. मी आणि माझ्या यजमानांनी हे हातगाडीवर सुरू केलं. मी चौथी शिकलेली, ते सहावी. पण आमचा एक कायदा होता आणि त्याला कुणाच्या बापाला सूट नव्हती. सिलिंडरचं सील शाबूत आहे म्हणून तो भरलेला समजायचा नाही. डेपोतून निघताना त्याची चावी किंचित फिरवायची आणि 'फुस्स' ऐकायचं. फुस्स ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एकदा एका नव्या ड्रायव्हरने सीलवर विश्वास ठेवला. त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवलं नाही. रिकामं लोखंड घेऊन पेशंटच्या दारात जाणाऱ्यापेक्षा न जाणारा बरा.

मग मुलगा शिकला, कॉम्प्युटर आला, सूनही कॉम्प्युटरचीच आली. तिने आठ वस्त्यांसाठी आठ एजंट बसवले. एजंट म्हणजे माणसं नव्हेत. तिनेच मला समजावलं होतं.

"आई, असं समजा, आठ कारकून आहेत. दिसत नाहीत, खात नाहीत, चहाला उठत नाहीत."

"मग भांडतही नसतील."

"भांडत नाहीत. पेशंटने फोनवर निरोप पाठवला, 'सिलिंडर संपत आलाय', की त्या वस्तीचा एजंट तो वाचतो, जवळचा ड्रायव्हर शोधतो आणि त्याला धाडतो. माणूस मध्ये लागत नाही."

"आणि हे तुझे न जेवणारे कारकून आजारी पडले तर?"

"पडतात ना. मरतातच. दिवसातून दोन-तीनदा कुणीतरी मरतो. बरेचसे थोड्या वेळाने आपोआप उठतात, उरलेल्यांना मी उठवते."

त्यासाठीच तो पडदा. दर मिनिटाला प्रत्येक एजंटाने सांगायचं, 'मी जागा आहे.' सांगितलं की त्याचा दिवा एकदा लुकलुकतो. दोन मिनिटं आवाज आला नाही की दिवा लाल. लाल दिसला की सून तडक त्याला पुन्हा चालू करायची. मी दुपारची तिच्याजवळ भाजी निवडत बसायचे, तेव्हा ते दिवे बघायचे. एक आत्ता लुकलुके, दुसरा जरा वेळाने, तिसरा मध्येच. मी विचारलं, हे असे विस्कळीत का? ती म्हणाली, जो ज्या क्षणी उठला, तिथून तो आपलं मिनिट मोजतो. आठ जण आठ वेळी उठलेले, म्हणून आठ तऱ्हा. मला ते आवडलं. घर भरल्यासारखं वाटायचं.

मुलाला मात्र लाल दिवा खुपायचा. "आई, मोठा पाहुणा आला की नेमका लाल होतो. लाज वाटते."

"ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडतोस का?" मी विचारलं.

त्याने थर्मामीटर फोडला नाही. त्याने बाबा आणला.

बाबा आले, कपाटाएवढ्या यंत्रावर तळवा ठेवला, डोळे मिटले. म्हणाले, "एजंट हा मजूर नाही, साधक आहे. त्याच्यावर सतत नजर ठेवली की तो कोमेजतो." मग त्यांनी ध्यानासाठी म्हणून आठही एजंटांची नावं आणि त्यांच्या गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, मुलाकडून मागून घेतल्या. ध्यानाला किल्ल्या कशाला लागतात, हे विचारायची बुद्धी त्याला झाली नाही. बाबांच्या मागे एक टकलू शिष्य होता, पन्नाशीचा, सदा घामेजलेला. त्याने यंत्राच्या पाठीमागे साबणाच्या वडीएवढी एक पेटी लावली, वायर जोडली. तिचं नाव प्राणपेटी. आणि शेवटची अट, संशयी नजर या खोलीत नको.

संशयी नजर म्हणजे माझी सून. तिला खालच्या गोदामात रबरी वायसर तपासायला बसवलं.

"तू रोज लाल शोधतेस, म्हणून लाल होतं," मुलगा तिला म्हणाला.

"अहो, मी शोधते म्हणून ते पुन्हा हिरवं होतं!"

पण तेवढ्यात पडद्यावर आठही दिवे हिरवे झाले होते आणि तसेच राहिले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सून माझ्याकडे आली. म्हणाली, "आई, एकही मरत नाही हे शक्य नाही. तुम्ही बोला ना त्यांच्याशी." आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "अगं, लाल होत नाहीये ना, मग राहू दे थोडे दिवस." मी फारशा चुका करत नाही, त्यामुळे ही चांगली लक्षात आहे.

तर त्या बाराव्या दिवशी, सकाळी दहाला, ती गर्दी आणि ते "अहाहा" मागे टाकून मी धाकट्या बहिणीकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहते. सूतगिरणीत तीस वर्षं काढली, कापसाची धूळ छातीत घेऊन आली. आमच्याच सिलिंडरवर जगते. दार उघडंच होतं. ती खुर्चीत पुढे वाकून बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ जांभळे.

मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. काटा तळाला टेकला होता.

"निरोप नाही पाठवलास?"

तिने बोटाने फोन दाखवला. काल सकाळी नऊला पाठवलेला. दुपारी पुन्हा. आज पहाटे पुन्हा. एकालाही उत्तर नाही.

"मग मला फोन करायचास ना, बये!"

"डेपोत केला होता काल," ती एकेक शब्द वेचत म्हणाली. "ती फोनवरची मुलगी म्हणाली... आमच्याकडे सगळं हिरवं आहे, मावशी... तुमचाच फोन तपासा. मला वाटलं ताई, माझंच काही चुकलं असेल."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. धाप लागलेलं माणूस, छातीत वारा नाही, आणि म्हणते माझंच चुकलं असेल! कारण भिंतीवर आठ दिवे हिरवे आहेत.

मी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. "निघ. एक सिलिंडर. बहिणीकडे."

"आजी, पण माझ्या फोनवर तर काही आलं नाही..."

"मी आलेय ना फोनवर! निघ!"

सात मिनिटांत आला. दारातच चावी फिरवली, फुस्स. नळी जोडली. बहिणीचे ओठ हळूहळू ओठांच्या रंगाचे झाले. मी तिच्या शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि तिचा फोन मुठीत धरून डेपोचा जिना चढले. गर्दी आपोआप बाजूला झाली. माझा चेहराच तसा असावा.

"मावशीचा निरोप कालपासून पडून आहे," मी मुलाला सांगितलं. "सिलिंडर रिकामा होता. तिला मी आत्ता श्वास जोडून आले."

मुलगा पांढरा पडला. पण डोळे पुन्हा पडद्याकडे. "आई, पण तिच्या वस्तीचा पाच नंबर... तो बघ ना, हिरवा आहे!"

बाबा सायीच्या आवाजात म्हणाले, "माई, रुग्णाची इच्छा अर्धी असेल. अर्ध्या इच्छेचा निरोप अर्ध्यातच राहतो. श्रद्धेची रेंज कमी पडते."

"इच्छा अर्धी असेल, बाबा. सिलिंडर मात्र पूर्ण रिकामा होता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी डोळे मिटले. उत्तर नसलं की हे लोक डोळे मिटतात. आमची मांजरही दूध सांडल्यावर तेच करते.

मी एक खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसले. काय शोधतेय ते मलाच ठाऊक नव्हतं. बारा दिवसांत मी या खोलीत बसलेच नव्हते. बघत राहिले. आठही दिवे एकदम लुकलुकले. मग एक मिनिट काही नाही. मग पुन्हा आठही, एकदम, एका ठोक्याला.

आणि मला माझी शाळा आठवली.

चौथीपर्यंत शाळेत होते म्हटलं ना मी, त्यातले निम्मे दिवस मी घरी धाकट्या भावंडांना सांभाळत होते. पण हजेरीपटात मी रोज हजर. कारण माझी मैत्रीण खाली मान घालून, आवाज बदलून, माझ्या नावाला 'हजर' म्हणायची. आम्ही पकडल्या कधी गेलो? तिने एकदा हुशारी केली. माझ्यासारख्या तीन गैरहजर मुलींचं 'हजर' तिने एकाच दमात म्हटलं. मास्तर अडाणी नव्हता. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "आता या तिघींनी उठून एकेक गणित सोडवा."

"सूनबाईंना वर बोलवा," मी म्हटलं.

"माई, ती संशयी नजर..." बाबा.

"नजर तिची राहू द्या. संशय माझा आहे."

सून वर आली, हाताला रबराचा वास, कपाळाला आठी. मी म्हटलं, "मला एवढंच सांग. हे आठ जण एकदम कधी बोलायचे का?"

तिने पडद्याकडे पाहिलं. एक मिनिट थांबली. लुकलुक झाली आणि तिची आठी गेली. "नाही, आई. आणि आताही हे आठ जण बोलत नाहीयेत. एकच कुणीतरी आठांच्या नावाने बोलतंय."

तिने आपला लॅपटॉप उघडला, एजंट जिथं चालतात त्या यंत्रात थेट डोकावली. बोटं चालवली आणि थांबली. "पाच नंबर काल सकाळी साडेआठपासून मेलेला आहे. सात नंबर परवापासून."

"माया!" बाबा गरजले. साय एकदम नासली. "तिच्या यंत्रात तिच्याच मनाचं प्रतिबिंब दिसतंय!"

गर्दी चुळबुळली. छापखान्याचा मालक म्हणाला, "आजी, आम्ही आमच्या डोळ्यांनी हिरवे बघतोय. मग खरं काय धरायचं?"

प्रश्न सरळ होता. सरळ प्रश्नाचा मला राग येत नाही.

"बरोबर आहे तुमचं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, सुनेवर ठेवू नका. आपण बघू या." मी सुनेला विचारलं, "उरलेले सहा तू बंद केलेस तर पेशंटचं नुकसान?"

"पाच-सात मिनिटांनी काही होत नाही, आई. निरोप रांगेत थांबतात, हरवत नाहीत. एजंट उठला की वाचतो."

"मग कर बंद. सगळे."

"हत्या!" बाबा उठून उभे राहिले. "आठ साधकांची हत्या!"

"बसा हो. ही त्यांना बारा दिवसांपूर्वीपर्यंत रोज पुन्हा जिवंत करत होती, तेव्हा कुणी हिला बाबा म्हटलं नाही."

सुनेने सहाही बंद केले. प्रत्येकाचा नंबर मोठ्याने सांगितला, स्क्रीन फिरवून नर्सांना दाखवली. आता आठांतला एकही जिवंत नव्हता. दोन मिनिटांत पडदा लाल व्हायला हवा. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. आठही दिवे लुकलुकले, हिरवे. दुसरं मिनिट. लुकलुकले, हिरवे. तिसरं. कडेवरच्या बाळाने टाळी वाजवली, त्याला तेवढंच कळत होतं. बाकी कुणी "अहाहा" केलं नाही.

"आठ मुडदे," मी म्हटलं, "आणि आठही हजर! काय शिस्त आहे, बाबा!"

"हीच तर कृपा..." बाबांनी सुरुवात केली. खरंच सांगते, त्या माणसाच्या हिमतीला तोड नाही. "देह गेला तरी प्राण..."

"प्राण त्या पेटीत आहे, हो ना? मग पेटी काढून बघू."

टकलू शिष्य पेटीपुढे आडवा आला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी तीन मुलं वाढवलीत आणि चाळीस ड्रायव्हर सांभाळलेत. तो बाजूला झाला. सुनेने वायर उपटली.

एक मिनिट झालं. दुसरं मिनिट सरलं. मग एकापाठोपाठ नव्हे, एकदमच, आठही दिवे लाल झाले.

"सांगा," सून शिष्याला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि मला तोच आवडला. "यात काय आहे ते तुम्ही सांगता की मी उघडू?"

शिष्याने घाम पुसला. "यात... एक छोटा प्रोग्राम आहे. दर मिनिटाला आठही नावांनी, त्यांच्या किल्ल्या लावून, पडद्याला सांगतो, 'मी जागा आहे'. बाकी काही नाही. मला घरी तीन माणसं पोसायची आहेत हो."

"बास? एजंट जागा आहे की नाही, हे ती पेटी बघतच नाही?" एका नर्सने विचारलं.

"नाही."

एवढाच चमत्कार. हस्तस्पर्श, ध्यान, साधक, प्राण, सगळं मिळून एक साबणाची वडी, जी मेलेल्याच्या नावाने 'हजर' म्हणते. माझी मैत्रीण नऊ वर्षांची असताना हे फुकट करायची.

छापखान्याचा मालक एकाएकी जिन्याकडे धावला. "काय झालं हो?" कुणीतरी विचारलं. "आमच्याकडेही पेटी आहे!" तो खालून ओरडला. त्याच्यामागे बँकेतले तिघेही गेले, टाय खांद्यावर टाकून. बाबा त्या गर्दीतच मिसळून निघायला बघत होते, पण जुना ड्रायव्हर दारात उभा होता. तो बाजूला झाला नाही. बाबांना पोलिसांनी नेलं, तो भाग मी सांगत बसत नाही. कारण त्या वेळी आमचं कुणाचंच लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

सून एजंट उठवत होती. एक, दोन, तीन. प्रत्येक दिवा आपापल्या वेळी हिरवा झाला. पाच नंबर उठला आणि रांगेत थांबलेले निरोप वाचू लागला. मग सात नंबर.

"किती?" मुलाने विचारलं.

"मावशी सोडून अकरा घरं," सून म्हणाली. "दोन परवापासून."

खाली ड्रायव्हरांचे फोन एकाच वेळी वाजू लागले. मुलाने स्वतः गाडीची किल्ली घेतली आणि परवापासून थांबलेल्या दोन्ही घरी गेला. पाऊण तासाने शेवटचा फोन आला; दहा घरी माणसं सुखरूप होती. अकराव्या घरातले आजोबा जगले होते, कारण त्यांच्या शेजाऱ्याने दिव्यांवर विश्वास न ठेवता दुसरीकडून एक सिलिंडर खांद्यावर आणला होता. आमच्यामुळे जगले नाहीत. हे मी मुलाला तीनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी तो माझ्यासमोर बसला. "आई, मला वाटलं, दिवा हिरवा म्हणजे सगळं ठीक."

"दिवा म्हणजे सील रे. तुझ्या बापाने तुला काय शिकवलं होतं?"

त्याने मान खाली घातली. "फुस्स ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

दुसऱ्या दिवशी सून काचेच्या खोलीत परत बसली आणि किल्ल्या बदलल्या. एक गोष्ट नवी केली. आता एजंटाने नुसतं 'मी जागा आहे' म्हटलेलं चालत नाही. दर तासाला प्रत्येक वस्तीतून एका खोट्या पेशंटचा निरोप जातो. एजंटाने तो वाचून, ड्रायव्हर शोधून, त्या ड्रायव्हरचा फोन खरोखर वाजवला, तरच दिवा हिरवा. ड्रायव्हर कुरकुरतात. "आजी, दर तासाला तुमच्या नावाचा फोन येतो," म्हणतात. खोटा पेशंट म्हणून सुनेने माझं नाव घातलंय. मी म्हटलं, बरं केलंस, निदान घाबरून तरी काम करतील.

मी शिकलेली नाही, पण शिकलेल्यांना एक सांगते. समोर बाबा असो, डॉक्टर असो, मंत्री असो नाहीतर भिंतीवरचा दिवा असो, कुणी 'मी आहे ना' म्हटलं की माना डोलवू नका. त्याला एक गणित घाला. त्यातला एक तुकडा बंद करून बघा, काही फरक पडतो का. न पडला तर समजा, तो काहीच करत नव्हता. आणि जो म्हणेल 'तपासू नका, तपासलं की कृपा जाते', त्याच्या पाठीमागे साबणाची वडी शोधा. सापडेल. ज्याला तपासलेलं सोसत नाही, त्याच्या भरवशावर कुणाचा श्वास ठेवू नका. आणि तुमच्या घरातली एखादी सून, एखादी मुलगी 'हे शक्य नाही' म्हणत असेल, तर तिला 'राहू दे थोडे दिवस' म्हणू नका. थोडे दिवस म्हणजे किती, ते मी बहिणीच्या ओठांवर पाहिलंय.

काल बहिणीकडे गेले होते. नळी नाकाला, हातात विणकाम, तोंड चालू. मध्येच तिने विचारलं, "ताई, तुमच्या त्या भिंतीवर आता लाल होतो का गं?"

"होतो. दिवसातून दोन-तीनदा."

"मग बरं आहे," ती म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.